दामू मेस्त्रींचा कान

कडावपासून कर्जतपर्यंत आणि पलीकडे खालापूर-रसायनीच्या बाजूला, ज्यांच्या घरात अजून व्हॉल्व्हचा अँप्लिफायर चालतो अशा प्रत्येक माणसाला दामू ओव्हाळ हे नाव ठाऊक आहे. अशी माणसं फार नाहीत, सगळी मिळून वीस-बावीस भरतील. पण ती पक्की वेडी आहेत. बाजारात मुठीएवढा ब्लूटूथ मिळत असताना हे लोक काचेच्या नळ्यांचं धूड घरात आणून ठेवतात. त्या नळ्या दिव्यासारख्या पेटतात, तव्यासारख्या तापतात, आणि त्यांचा आवाज गोड असतो म्हणून हे सगळं सोसायचं. आवाज गोड असतो हे खरं. पण गुळाला मुंगळा लागावा तसा त्या आवाजाला घूं लागतो. गाणं थांबलं की स्पीकरमधून एक हलका, न संपणारा घूं येत राहतो, आणि एकदा का तो कानाला कळला की गाणं राहतं बाजूला, माणूस घूंच ऐकत बसतो. मग कुणीतरी दामू मेस्त्रींना फोन लावतं.

मेस्त्रींचं वय अडुसष्ट. अंगाने काटक, खिशाला टेस्टर, आणि स्वतःबद्दलचं मत अतिशय चांगलं. तरुणपणी ते कर्जतच्या एका लाउडस्पीकरवाल्याच्या हाताखाली होते. लग्न, जत्रा, चौदा एप्रिल, जिथे भोंगा तिथे दामू. मग खोपोलीच्या बाजूला एका कारखान्यात वीस वर्षं कंप्रेसरच्या खोलीत इलेक्ट्रिशियन म्हणून काढली. त्या खोलीत इतका आवाज असे की माणसं एकमेकांशी हातवाऱ्यांनी बोलत. निवृत्त झाल्यावर मेस्त्रींनी कडावच्या घराची पडवी पत्र्याने बंद करून घेतली, टेबल टाकलं, आणि जुनं वेड पुन्हा जवळ केलं. गावातल्या बुद्धविहारातला अँप्लिफायर त्यांनी स्वतः बांधलेला आहे. वंदनेच्या आधी तो चालू केला तरी कळत नाही, इतका शांत. नवा माणूस माइकवर दोनदा टकटक करतो, आणि मेस्त्री मागच्या रांगेत बसून गालात हसतात.

घूं पकडायची त्यांची एक रीत होती. गेल्या गेल्या पेटी उघडायची नाही. आधी खुर्ची मागायची, डोळे मिटायचे, आणि सगळ्यांना गप्प बसवायचं. "घूं दोन जातीचा असतो," ते सांगत. "एक पन्नासचा, एक शंभरचा, म्हंजे सेकंदाला तेवढे हेलकावे. पन्नासचा बाहेरून येतो, तारेतनं, अर्थिंगमदनं. शंभरचा घरातच जन्मतो, पावर सप्लायच्या पोटात. जात कळली की गाव कळलं, गाव कळलं की घर कळलं." मग पेटी उघडली की डावा हात पाठीमागे. आतल्या विजेला माया नसते. दोन्ही हात आत घातले आणि चुकून लागलं तर ती एका हातातून शिरून छातीतून दुसऱ्या हाताने बाहेर पडते. म्हणून उजवा हात कामाला आणि डावा कमरेच्या मागे, असा हा माणूस टेबलावर वाकलेला दिसे. अनोळखी माणसाला वाटे, पाठीला उसण भरली आहे.

बाकी जगाबद्दलही मेस्त्रींची मतं ठाम होती. त्यांतलं एक मत गेल्या तीन वर्षांतलं, आणि ते त्यांनी कुणालाही सांगायचं सोडलं नव्हतं. ते म्हणजे कडावमधले रातकिडे संपले. फार्महाउसवाल्यांनी रात्रभर हॅलोजन लावून ठेवले आणि किडे देशोधडीला लागले. हे ते पारावर सांगत, गिऱ्हाइकाला सांगत. एकदा तर ग्रामसभेत उभे राहून छाती ठोकून म्हणाले, "भात पोटरीला आलं की आमच्या ल्हानपनी रातकिड्यांनी कान किटायचे. आता हाय का एक तरी? लिवून घ्या सायेब." ग्रामसेवकाने लिहून घेतलं. सभेतली माणसं एकमेकांकडे बघत राहिली, पण दामू मेस्त्रींशी आवाजाच्या विषयात वाद कोण घालणार?

तर या वर्षीच्या आश्विनातली गोष्ट. ऊन नुसतं भाजत होतं. कर्जतला दहिवलीत समिधा म्हणून एक बाई राहते. औषधांचं दुकान चालवते, वय चाळिशीच्या आत-बाहेर, बोलणं मोजकं. तिने हौसेने एक जुना व्हॉल्व्हचा अँप्लिफायर आणि रेकॉर्डी लावायचं मशीन घेतलं होतं. दुपारी दुकान बंद असतं तेवढे दोन-अडीच तास तिचे स्वतःचे. त्यात ती गाणं ऐके. फोनवर तिने तक्रार नीट सांगितली.

"काका, दोन आवाज आहेत. एक जाड आहे आणि एक बारीक. जाड सारखाच असतो. बारीक चरचरतो."

"जाड गेला की बारीक त्याच्या मागं जातो," मेस्त्री म्हणाले. "येतो उद्या."

दुसऱ्या दिवशी स्कूटर काढून ते दहिवलीला गेले. खुर्ची मागितली, डोळे मिटले. डोक्यावर पंखा मध्यम वेगाने फिरत होता. अर्ध्या मिनिटात निकाल लागला.

"शंभरचा. कंडेन्सर सुकलेत."

आणि ते खरं निघालं, यात शंका नाही. त्यांनी मागच्या सगळ्या तारा काढल्या, घूं राहिला. आवाजाचं बटण शून्यावर नेलं, घूं राहिला. म्हणजे दोष बाहेरचा नाही, पुढचाही नाही, सरळ पोटातला. पेटीचा स्विच बंद करून त्यांनी आत साठलेली वीज उतरवली, डावा हात पाठीमागे टाकला आणि दोन फुगलेले कंडेन्सर काढून नवे झाळले. पुन्हा चालू केलं. घूं गेला होता. समिधाच्या चेहऱ्यावर खरोखरचा आनंद दिसला. तिथेच थांबले असते तर ही गोष्ट घडली नसती.

पण मेस्त्रींचा हात शिवशिवत होता. पहिल्या व्हॉल्व्हवर पत्र्याची एक लहानशी टोपी असते. पहिला व्हॉल्व्ह सगळ्यांत नाजूक, बारीकसा आवाज घेऊन तो मोठा करायचं काम त्याचं, म्हणून आजूबाजूचा कचरा त्याच्यात शिरू नये यासाठी ती टोपी. मेस्त्रींनी ती काढली आणि ऐकलं. पुन्हा बसवली आणि ऐकलं. काही फरक नाही.

"हिच्यामुळं नळी उगाच तापते," ते म्हणाले. "काढली काय नि ठेवली काय, सारखंच." आणि टोपी त्यांनी हत्यारांच्या डब्यात टाकली.

समिधा मान तिरकी करून स्पीकरकडे बघत होती. "काका, ते चरचर अजून आहे. उलट आता वाढलंय."

मेस्त्रींनी डोळे मिटले. स्पीकर शांत होता. विहारातल्यासारखा शांत.

"नाय."

"आहे हो. बारीक आहे, पण आहे."

"ताई, पन्नास वर्सं झाली या कामाला. घूं नाय, चर्र नाय, काय नाय. दिवसभर दुकानात फ्रिज ऐकता ना तुमी, त्यो कानात बसलाय." मग बरं वाटावं म्हणून त्यांनी वर जोडलं, "चार दिवस ऐका. सवय व्हईल."

सवय होईल, हे वाक्य गिऱ्हाइकाला कधी बोलू नये असं मेस्त्री स्वतःच लोकांना शिकवत आले होते. समिधा आत गेली. तिने चहा केला. मेस्त्रींनी तो घेतला, रातकिडे संपल्याचं तिलाही सांगितलं, आणि स्कूटरला किक मारली.

चौथ्या दिवशी सकाळी तिचा मेसेज आला. रागावलेला नव्हता, उलट फार नम्र होता. "काका, रेकॉर्ड करून पाठवते आहे. ऐकून सांगा." मेस्त्री पडवीत टेबलाशी बसले होते. आत चुलीपाशी त्यांची बायको मालनबाई तांदळाच्या भाकरी थापत होत्या. मेस्त्रींनी फोनचा आवाज पूर्ण केला आणि कानाशी धरला. काही नाही. फोन बिघडला असेल म्हणून पुन्हा लावला. पुन्हा काही नाही. तिसऱ्यांदा लावला तशा मालनबाई आतून ओरडल्या.

"अवो, बंद करा ते! दात आंबले माझे."

मेस्त्रींनी वळून पाहिलं. "काय बंद करू?"

"ते काय वाजवताय ते. तापल्या तव्यावर पानी शिपडल्यावानी."

"तुला ऐकू येतंय?"

"शेजारच्या म्हशीला पन येत आसंल," मालनबाई म्हणाल्या आणि भाकरी उलटली.

मेस्त्रींचं डोकं जोरात चालायचं, ते आताही चाललं. त्यांनी फोन खाली ठेवला. फळीवरून सिग्नल जनरेटर काढला. हा त्यांनी स्वतः बनवलेला डबा. बटण फिरवलं की त्यातून जाडपासून बारीकपर्यंत पाहिजे तो सूर निघतो. त्याला छोटा स्पीकर जोडला आणि मालनबाईंना बोलावलं.

"भाकरी करपंल."

"करपू दे. हितं बस. आवाज आला की हात वर कर. गेला की खाली."

मालनबाई पिठाच्या हाताने स्टुलावर बसल्या. डबा सुरू झाला तसा त्यांनी हात वर केला. मेस्त्री बटण फिरवू लागले. शंभर. पाचशे. हजार. दोन हजार. आवाज बारीक होत गेला, टोकदार झाला. तीन हजारांवर तो मेस्त्रींना भिंतीच्या पलीकडून आल्यासारखा वाटला. साडेतीन हजारांवर थांबला.

मालनबाईंचा हात वरच होता.

मेस्त्रींनी वायर हलवून पाहिली. वायर ठीक होती. त्यांनी बटण पुढे नेलं. चार हजार. पाच. सहा. डबा पूर्ण गप्प होता आणि त्याच्यासमोर त्यांची बायको हात वर करून, तोंड वाकडं करून बसली होती. आठ हजार. दहा. अकराच्या पुढे कुठेतरी हात खाली आला.

"गेला," त्या म्हणाल्या. "जाऊ मी? करपली बगा ती."

म्हातारपणात माणसाचे कान वरच्या टोकाकडून झिजतात, आणि आवाजाच्या जागी आयुष्य काढलं असेल तर लवकर झिजतात, हे मेस्त्रींना माहीत होतं. त्यांनी किती तरी जणांना सांगितलं होतं. फक्त त्या जणांमध्ये स्वतःला कधी धरलं नव्हतं. वीस वर्षं कंप्रेसर आणि त्याआधी भोंग्यांच्या तोंडाशी काढलेली तरणी वर्षं, हे सगळं आत कुठेतरी मुरत गेलं होतं, आणि ते मात्र घूं, घूं करत जगभर फिरत होते. घूं खालच्या पट्टीतला, तो त्यांना अजून लख्ख ऐकू येत होता. म्हणूनच तर कळलं नव्हतं. त्या दिवशी ते जेवले नाहीत. भीती वाटली, आणि तिच्यापेक्षा लाज जास्त वाटली.

दोन दिवस त्यांनी कर्जतचा रस्ता धरला नाही. समिधाचा फोन आला तो उचलला नाही. डोक्यात एक सोपी वाट तयार झाली होती, आणि ती त्यांनी जेवताना मालनबाईंना सांगितली.

"तिला सांगतो, नळी जुनी झाली. मुंबयनं मागवायला लागंल. महिना जातो, दोन जातात. तवर ती इसरंल न्हायतर दुसरा मेस्त्री बघंल. कुनाला कळायचं नाय."

मालनबाईंनी आमटी वाढली. "नळी जुनी हाय का?"

"नाय. चांगली हाय."

"मग?"

"मग काय? दामू ओव्हाळला ऐकू येत नाय, असं सांगू? उद्या कोन बोलवंल मला? विहारात कोन बसू देईल मशीनपाशी?" त्यांचा आवाज चढला. "कान हाय म्हनून मी हाय गं. बाकी मला काय येतं?"

मालनबाईंनी आमटीचं भांडं खाली ठेवलं. त्या शिकलेल्या नव्हत्या, पण चाळीस वर्षांचा संसार त्यांनी या माणसाच्या तोऱ्यासकट ओढला होता. मग म्हणाल्या, "हात हायेत तुमचे. डोकं हाय. कानाचंच म्हनता तर मी येते संगं. मला त्यातलं काय कळत नाय, पन वाजतंय का नाय एवढं सांगंन."

"लोक हसतील."

"हसू दे. खोटं बोलून आलात की त्यो हत्यारांचा डबा परत उगडायचे नाय तुमी. मला ठावं हाय."

हे खरं होतं. मेस्त्रींनी ताटावरून उठताना तसं कबूल केलं नाही, पण दुसऱ्या दिवशी दुपारी स्कूटरच्या मागच्या सीटवर त्यांनी स्वतः फडकं मारलं.

दहिवलीत समिधाने दार उघडलं तेव्हा मेस्त्री एकटे नव्हते. ती गोंधळली. मेस्त्रींनी चप्पल काढली आणि उंबऱ्यातच बोलून टाकलं, कारण आत गेल्यावर धीर झाला नसता.

"ताई, तुमचं बरोबर व्हतं. मला बारीक आवाज ऐकू येत नाय. परवा कळलं. तुमाला फ्रिजचं बोललो, ते चुकलं. हिला येतो ऐकू, म्हनून आनलंय. पन दोष काढनार मी, हे नक्की."

समिधा दारातून बाजूला झाली. मग म्हणाली, "या ना, आत या मावशी. पाणी आणते." तिने एवढंच म्हटलं याबद्दल मेस्त्री तिचे आजही आभार मानतात.

काम सुरू झालं. मालनबाईंना त्यांनी स्पीकरसमोर बसवलं. आवाजाचं बटण खाली नेलं.

"हाय?"

"नाय."

वर नेलं. "आता?"

"हाय. त्योच, तव्यावानी."

बटणाने कमी-जास्त होतो, म्हणजे दोष बटणाच्या आधीचा. पावर सप्लाय संशयातून सुटला. मेस्त्रींच्या अंगात हुशारी आली. रेकॉर्डच्या मशीनची तार काढली. "हाय?" "हाय." मशीनही सुटलं. त्यांनी पेटीचा स्विच बंद केला, थांबले, पहिला व्हॉल्व्ह उपसला, पुन्हा चालू केलं. "हाय?" मालनबाईंनी मान हलवली. "नाय. साफ गेला." म्हणजे चरचर शिरत होती ती पहिल्या व्हॉल्व्हमधूनच. आता प्रश्न उरला, ती येते कुठून. व्हॉल्व्ह परत जागेवर बसवून त्यांनी पेटी चालू केली आणि डावा हात पाठीमागे ठेवून विचार करत उभे राहिले. घामाच्या धारा लागल्या होत्या.

"बाय गं," मालनबाई समिधाला म्हणाल्या, "पंखा जोरात कर जरा. मेस्त्री भिजले."

समिधाने रेग्युलेटर तीनवरून पाचवर नेला.

मालनबाईंचा हात मांडीवर होता. त्यांनी तो हलवला. "गेला की."

"काय गेला?"

"त्यो आवाज. तव्याचा. गेला."

मेस्त्री गर्रकन वळले. "तीनवर करा ताई." "आला," मालनबाई म्हणाल्या. "पाच." "गेला." "दोन." "आयो, लई वाढला." मेस्त्रींनी कपाळावर हात मारला, पण खुशीने. जुना रेग्युलेटर वीज तारेत जाळून पंखा हळू करायचा. हा नवा प्रकार वीज कापून कापून देतो, सेकंदाला शंभर वेळा, सुरीने कांदा चिरावा तशी. त्या कापण्याची चरचर हवेतून पसरते. आणि त्याचा स्विचबोर्ड अँप्लिफायरपासून हातभर अंतरावर. पाचवर कापाकापी जवळजवळ बंद होते, म्हणून आवाज गेला.

"पण काका," समिधाने विचारलं, "पंखा आधीही होता. तेव्हा चरचर इतकी नव्हती. तुम्ही येऊन गेल्यावर वाढली."

मेस्त्रींना उत्तर त्याच क्षणी मिळालं होतं, आणि ते त्यांना नको होतं. ते हळूच खाली बसले आणि त्यांनी हत्यारांचा डबा उघडला. स्क्रू, वायरचे तुकडे, झाळायचं कथिल, आणि सगळ्यांच्या खाली पत्र्याची टोपी. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. बाहेरचा कचरा अडवण्यासाठी जी टोपी कारखान्याने बसवली होती, ती या हुशार माणसाने स्वतःच्या कानावर विसंबून काढली होती. फरक नाही म्हणाला होता. फरक होता; तो साडेतीन हजारांच्या वर होता.

"ही मी काढली व्हती," ते म्हणाले. "काय गरज नाय म्हनून. चूक माजी. सगळी माजी."

त्यांनी पेटीचा स्विच बंद करून टोपी बसवली. तिला धरणारी स्प्रिंग सैल झाली होती ती आवळली, खालची जोडणी घासून चकचकीत केली. मग चालू केलं, पंखा तीनवर ठेवला, आणि डोळे मिटले नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा ते पेटी दुरुस्त झाली की नाही हे बघण्यासाठी स्पीकरकडे नाही तर बायकोच्या तोंडाकडे बघत होते.

मालनबाईंनी बराच वेळ घेतला. मान इकडे केली, तिकडे केली. "हाय जरासा," त्या म्हणाल्या. त्यांनी खोटा दिलासा दिला नाही हे मेस्त्रींना फार बरं वाटलं. मेस्त्रींनी स्पीकरचा बोर्डाला खेटून गेलेला वायरचा गुंडाळा सोडवला, अँप्लिफायर उचलून खोलीच्या दुसऱ्या भिंतीशी नेला, आणि समिधाला सांगितलं की वायरमनकडून रेग्युलेटर बदलून घ्या, पायरी-पायरीचा, कंडेन्सरवाला. तो येईपर्यंत पाचवर चालवा.

"आता?"

"आता काय नाय."

"नक्की?"

"अवो, काय नाय म्हनते ना!"

समिधाने रेकॉर्ड लावली. गाणं सुरू होण्याआधी सुई फिरते ती दोन-चार सेकंद खोलीत नुसती शांतता होती. ती डोळे मिटून बसली. मालनबाईंनाही गाणं आवडलं. त्या म्हणाल्या, बाईचा गळा चांगला आहे पण ती एकच ओळ किती वेळा म्हणते. निघताना समिधाने मालनबाईंना विचारलं, "मावशी, पुन्हा काही झालं तर तुम्ही याल ना?" बोलावणं मेस्त्रींना नव्हतं, असं कुणी तोंडावर म्हटलं नाही, पण मेस्त्रींच्या कानाला तेवढं मात्र स्पष्ट ऐकू आलं, आणि त्यांना राग आला नाही.

त्या दिवसापासून कडावच्या त्या पडवीत टेबलाशी दोन स्टुलं आहेत. कुणी पेटी घेऊन आलं की मेस्त्री पहिल्या वाक्यातच सांगतात, "घूं मी ऐकतो, चर्र ही ऐकते." लोक हसतात. मग दुरुस्त पेटी घरी नेऊन लावतात आणि हसायचं थांबतात. मुलगी दर्शना रसायनीला दिली आहे, तिने कान तपासायला पनवेलच्या डॉक्टरची तारीख घेतली. मशीन लावावं लागेल, असं ती म्हणते. मेस्त्रींची हरकत नाही. फक्त ते मशीन आतून कसं बांधलंय हे आधी उघडून बघणार, अशी त्यांची अट आहे. तोरा कमी झालेला नाही, हे वाचणाऱ्याने लक्षात घ्यावं. त्यांच्या फोनवर जाड आवाजाची ढोलकीची रिंग दोन वर्षांपूर्वी मालनबाईंनी दर्शनाकडून का लावून घेतली होती, आणि जेवायला हाक मारायच्या ऐवजी त्या पडवीच्या दारात येऊन का उभ्या राहतात, हेही मेस्त्रींना आता कळलं होतं. त्यांनी ते बोलून दाखवलं नाही.

एक गोष्ट मात्र राहिली होती, आणि ती विचारायला त्यांनी पाच-सहा दिवस घेतले.

तिन्हीसांजेची वेळ होती. दोघं अंगणात बाजेवर बसले होते. समोर भात पिवळं पडायला लागलं होतं, आणि पलीकडे टेकडीच्या पायथ्याला फार्महाउसचे दिवे एकेक करून लागत होते. मेस्त्री बराच वेळ त्या दिव्यांकडे बघत राहिले.

"मालन."

"काय?"

"रातकिडे हायेत?"

मालनबाई निवडत होत्या ती वालपापडी त्यांच्या मांडीवर राहिली. "हायेत की."

"कवापासनं?"

"कवापासनं म्हंजे? कुटं गेले व्हते?"

"मग तू बोलली का नाय? तीन वर्सं मी गावभर सांगत फिरतोय. ग्रामसभेत लिवून दिलं."

"तुमी इतक्या जोरात सांगत व्हते," मालनबाई म्हणाल्या. "पयल्या वर्सी मला वाटलं, बोलायची रीत आसंल. दुसऱ्या वर्सी कळलं. मग कसं बोलू? तुमचा कान म्हंजे तुमचा जीव. जाऊ दे म्हटलं. रातकिडंच हायेत."

मेस्त्रींच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते त्यांनी पुसलंही नाही. म्हणाले, "म्होरल्या ग्रामसभेत उभं राहून सांगावं लागंल."

"सांगा. पन दिव्यांचं राहू द्या. ते तसं पन डोळ्यावर येतात."

मेस्त्री हसले. मग बाजेवर सरळ होऊन बसले आणि म्हणाले, "आज सुरू झाले की मला सांग. त्या दिवशीसारकं."

अंधारत गेलं. मेस्त्री शेताकडे कान लावून बसले होते. लांब एक गाडी गेली, ती त्यांना ऐकू आली. शेजारची म्हैस फुरफुरली, तीही आली. बाकी शेत गप्प होतं. त्यांनी वळून पाहिलं तर मालनबाईंचा हात वर गेलेला होता.

मेस्त्री त्या हाताकडे बघत राहिले. तो खाली येईना.

"लई हायेत का?" त्यांनी विचारलं.

"कान किटले बगा," मालनबाई म्हणाल्या, आणि हात तसाच वर धरून बसल्या.